पत्र्याच्या बैलाचा डावा पाय

माझी बायको गेल्या पौषात गेली. कशानं गेली ते इथं लिहीत नाही. ज्याच्यानं ती जाईल असं मला दोन वर्षं वाटत होतं, त्याच्यानं गेली नाही, एवढंच सांगतो. तेच लिहायला बसलोय. मी चौथीपर्यंत शिकलो. चुकलं तर वाचणाऱ्यानं नीट करून घ्यावं.

धुळ्याहून जळगावला जाताना एरंडोलच्या अलीकडे आमचा फाटा लागतो. गाव आत आहे, चालत वीस मिनिटं. फाट्यावर तेव्हा बैल उभा होता. पत्र्याचा. दोन मजली घराएवढा उंच, पांढरा, पाठीवर लाल झूल रंगवलेली, डोळा परातीएवढा. शिंगांकडे बघायचं तर मान एवढी मागं टाकावी लागायची की टोपी पडायची. एका तेलाच्या गिरणीनं सरकीच्या ढेपेची जाहिरात म्हणून तो उभा केला होता. मी त्या वेळी गिरणीत फिटरच्या हाताखाली होतो. चार लोखंडी पाय, त्यांच्यावर अँगलचा सांगाडा, त्याच्यावर पत्रे. त्याच्या पोटातले निम्मे नटबोल्ट मी आवळलेत. पोटाखाली गिरणीच्या नावाची पाटी होती. गिरणी बंद पडली, पाटीवरचं नाव उन्हानं उडालं, पाटी पण कोणीतरी नेली. बैल राहिला. मग तो आमचा झाला.

एसटीचा कंडक्टर आमच्या गावाचं नाव घ्यायचाच नाही. "चला, पत्र्याचा बैल" म्हणायचा. इंदूरकडचे ट्रकवाले एकमेकांना सांगायचे, बैलापाशी थांब. सोयरीक बघायला येणाऱ्यांना पत्ता सांगायचा तर बैल सांगितला की झालं. दुसऱ्या गावाला काय होतं? वड नाहीतर पिंपळ. वड सगळ्यांकडेच असतो.

बायको चोपड्याकडची. तिला वाचता येत नव्हतं. लग्नानंतर माहेरी जाऊन एकटी परत यायची तेव्हा एसटीत तिचा जीव टांगलेला असायचा. पाट्या सगळ्या सारख्याच दिसतात म्हणायची, काळ्यावर पांढरे किडे. पण लांबून शिंगं दिसली की ती पिशवी उचलायची. तिला कोणाला विचारावं लागलं नाही. एकदा मी तिला म्हटलं, एवढ्या वर्षांत अक्षरं शिकली असतीस. ती म्हणाली, मला एकच अक्षर लागतं, ते फाट्यावर उभं आहे.

गिरणी बंद झाल्यावर मी फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलं आणि तिनं बैलाच्या पोटाखाली चहाची टपरी. डाव्या पुढच्या पायाला लागून तिचा स्टोव्ह. उन्हाळ्यात आमच्याकडे कावळासुद्धा चोच उघडून बसतो, आणि त्या उन्हात बैलाची सावली पार रस्त्यापर्यंत जायची. लोक सावलीला थांबायचे आणि थांबले म्हणून चहा प्यायचे.

आता ते मिठाचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं.

आमच्याकडे बैल विकत आणला की तो पहिले काही दिवस जुन्या मालकाकडे पळायला बघतो. दावं तोडतो, खात नाही. त्याच्यावर आमच्या भागात कोणीतरी तोड काढली. बाजारातून नवा बैल आणताना फाट्यावर थांबायचं. पत्र्याच्या बैलाच्या डाव्या पुढच्या पायावर ओंजळभर खडेमीठ ठेवायचं, वरून तांब्याभर पाणी ओतायचं, आणि ते खारट पाणी हातावर घेऊन नव्या बैलाला चाटवायचं. म्हणजे तो इथला झाला, पळत नाही. कोणी सुरू केलं माहीत नाही. पण आजूबाजूची पाच-सात गावं करायची. जो करत नव्हता त्याचा बैल पळाला की लोक म्हणायचे, बघ.

आणि पोळा. पोळ्याला सगळे बैल गावातून वाजत गाजत फाट्यापर्यंत यायचे. कोणीतरी गडी वर चढून शिंगांना बाशिंग बांधायचा. बायका खऱ्या बैलांचे पाय धुवायच्या तसे पत्र्याच्या बैलाचेही धुवायच्या, हळदकुंकू लावायच्या, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायच्या. पहिला तांब्या माझ्या बायकोचा. तो मान तिचा होता, कारण ती वर्षभर त्याच्या पोटाखाली बसायची.

पाण्याचा चिखल व्हायचा. बायको म्हणाली, काहीतरी करा, पूजेचं पाणी गिऱ्हाइकाच्या चपलेला लागतं. मी विटा आणल्या, सिमेंट आणलं आणि चारही पायांना धरून चांगला ओटा बांधला. कडेला वीतभर उंच कठडा केला. पाणी जायला मोरी ठेवायची तर ती रस्त्याकडेच निघणार. मला वाटलं, पूजेचं पाणी ट्रकच्या चाकाखाली जाणार, हे बरं नाही. म्हणून मी मोरी ठेवलीच नाही. पाणी आतच मुरू दे म्हटलं. लोकांनी माझं कौतुक केलं. म्हणाले, फिटर असून देवधर्म कळतो याला.

फिटर असून. हे मला नंतर फार आठवलं.

चार-पाच वर्षं गेली असतील. एके वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी ओट्याला डाव्या पायाशी भेग दिसली. मी छिन्नी घेऊन बसलो, सिमेंट जरा उकरावं आणि नवीन भरावं म्हणून. बायको भांडी घासायला हापशावर गेली होती. खपली निघाली तशी आतून काळं पाणी आलं. खारट वास. मी माती काढली. आत पाय होता, लोखंडाचा, माझ्या मांडीएवढा जाड. वरून दरवर्षी रंग दिल्यामुळे तो गुळगुळीत दिसायचा, पण ओट्याच्या आत त्याला पापुद्रे सुटले होते. मी पान्याचं टोक लावून बघितलं. जोर केला नाही. टोक आत गेलं. शिळ्या भाकरीत जावं तसं गेलं.

मी पाना काढून घेतला आणि वर बघितलं. वर ते सगळं धूड उभं. पत्रे, अँगल, शिंगं. त्याच्या खाली तिचा स्टोव्ह, तिचं स्टूल, चहाच्या कपांची ओळ. वाऱ्यानं पोटाचा पत्रा कुरकुरला. तो रोजच कुरकुरायचा. त्या दिवशी मी तो पहिल्यांदा ऐकला.

खोटं कशाला लिहू. मी ते झाकलं. माती परत भरली, वरून सिमेंट थापलं, ती यायच्या आत हात धुतले. मीठ लोकांनी टाकलं, पाणी लोकांनी टाकलं, पण ते आत कोंडलं मी. हे कोणाला कळू नये असं मला वाटलं. पोळा झाला की बघू म्हटलं.

पोळा आला. हलगी वाजत होती, पन्नासेक जोड्या फाट्यावर उभ्या होत्या. एक जाडा गडी बाशिंग घेऊन वर चढला. तो बैलाच्या मानेवर बसून खालच्यांना हात करत होता आणि मी खाली उभा राहून त्या डाव्या पायाकडे बघत होतो. बायका एकेक करून पाणी ओतत होत्या. मी तांबे मोजत होतो. बायकोनं मला पुरणपोळी दिली ती मी खिशात घातली. तिनं संध्याकाळी सदरा धुवायला घेतला तेव्हा तिला ती सापडली. माझ्याकडे नुसतं बघितलं.

त्यानंतर मी माणूस राहिलो नाही. पंक्चरचं दुकान रस्त्याच्या पलीकडे होतं. तिथून मी टायर खोलायचो आणि डोळा बैलावर. भरलेला ट्रक गेला की जमीन हलते, बैलाचा पत्रा वाजतो. एका दिवसात किती ट्रक जातात त्या रस्त्यावरून. प्रत्येक ट्रकला मी हातातलं सोडून उभा राहायचो. गिऱ्हाइकं म्हणायची, आबा, काय झालं? मी म्हणायचो, कंबर धरली. मग मी काहीतरी निमित्त काढून पलीकडे जायचो, डाव्या पायाला हात लावून बघायचो. थंड असायचा. त्याच्यातून एक बारीक थरथर हातात यायची. ती माझ्या हाताची होती की त्याची, मला कधी कळलं नाही.

तिला मी दुसरीकडे बस म्हणायचो. धूर फार होतो. रस्त्याची धूळ येते. ती म्हणायची, इतकी वर्षं धूळ नव्हती का. आमची लेक चोपड्यालाच दिलेली, तिच्या बाळंतपणाला बायको महिनाभर तिकडे गेली. त्या महिन्यात मला भूक लागायची. शेजारची म्हणाली, बायको गेली तर हा सुटला. खरंच सुटलो होतो. ती परत आली, शिंगं बघून उतरली, पिशवी खाली ठेवून पहिल्यांदा बैलाच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला. माझी भूक गेली.

शिमगा झाला की आमच्याकडे वारं सुटायला लागतं. वैशाखात ते केळीच्या बागा झोपवतं. मला ते दिवस दिसायला लागले. शेवटी एका दुपारी टपरीवर कोणी नव्हतं तेव्हा मी तिला सांगितलं. पाय सडलाय. तिला पटेना. माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "तुम्हले भ्याव वाटस म्हणून मी उठू का? मी आठेच बससू." ती तिथून हलायला तयार नव्हती.

मी छिन्नी आणली, ओट्याचा कोपरा फोडला, तिचं बोट धरून आत घातलं. तिच्या बोटाला लोखंडाचा चुरा लागला, ओला, तांबडा. तिनं बोट बघितलं. मग पदराला बोट पुसलं आणि म्हणाली, गावाला सांगा. मोरीचं मी तिला सांगितलं नाही. ते तोंडातून निघालं नाही.

गावाला सांगितलं. मारुतीच्या पारावर चार जण बसले होते, त्यांच्यात आमच्या गावात ज्याचा शब्द चालायचा तो म्हातारा, त्याला सगळे नाना म्हणायचे. मी म्हटलं, नाना, बैल उतरवावा लागेल, नाहीतर ओटा फोडून पायांना नवीन लोखंड जोडावं लागेल. नानांनी विडी विझवली. म्हणाले, ओटा फोडायचा म्हणजे बैल खंडित करायचा. खंडित बैलाची पूजा होते का? आणि पोळ्याच्या तोंडावर? पोळ्याला अजून पाच महिने होते. दुसरा एक जण म्हणाला, "याले भंगार जोयजे, दुसरं काय नही." सगळे हसले. माझं पंक्चरचं दुकान, त्यामुळे लोखंडाशी माझं नातं त्यांना भंगाराचंच दिसत होतं. मी म्हटलं, माझी बायको खाली बसते. तर नाना म्हणाले, मग तुझी बायको भीत नाही आणि तू भितोस? शेवटी ठरलं की पोळा झाल्यावर बघू. हेच मी आधी माझ्या मनाशी ठरवलं होतं.

मी एक सागाची बल्ली आणली आणि बैलाच्या पोटाखाली तिरपी लावली, टेकू म्हणून. एवढ्या मोठ्या बैलाला एक बल्ली. बायको म्हणाली, त्याच्या हातात काठी दिली का, म्हातारा झाला म्हणून? पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्टोव्ह उचलला, स्टूल उचललं आणि सगळं पन्नास पावलं लांब निंबाखाली नेलं. मी दोन भाकरी खाल्ल्या त्या दिवशी. तिनं भाकरी वाढताना एवढंच म्हटलं की लोखंडापायी माणूस मरण्यापेक्षा गिऱ्हाईक गेलेलं बरं.

त्या उन्हाळ्यात वारं आलं. आमच्या शेजारच्या शिवारात केळीची एक बाग आडवी झाली. बैल उभाच. पोळा आला. ती पाय धुवायला गेली नाही, तेलाचा बोळा घेऊन गेली. चारही पाय तेलानं पुसले. बायका म्हणाल्या, हे काय नवीन. ती म्हणाली, म्हातारा बैल आहे, थंड पाणी त्याला सोसत नाही. त्या हसल्या आणि आपापले तांबे ओतून गेल्या. पोळ्यानंतर कापूस वेचायला आला, मग गहू, ओटा फोडायला कोणी फिरकलं नाही.

पण माझी थट्टा थांबली नाही. वर्षभर. एसटीतून उतरणारा माणूस, सायकलवरून जाणारा माणूस, कोणीही, मला लांबूनच विचारायचा, "पडना का बैल?" पडला का म्हणून. आधी मी शिव्या द्यायचो. मग गप्प बसायला लागलो. मग अशी वेळ आली की मलाच वाटायला लागलं, पडावा. एकदाचा पडावा, कोणी नसताना, सकाळी वगैरे, आणि माझं खरं व्हावं. हे वाईट होतं. ज्या बैलाचे बोल्ट मी आवळले, ज्याला बघून माझी बायको घरी यायची, त्याचं मरण मी धरून बसलो होतो. आणि ती निंबाखाली गेल्यापासून माझी भीतीही जरा सैल झाली होती. हे पण लिहून ठेवतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात, वैशाखातच, दुपारी तीनच्या सुमाराला एक म्हातारा शेतकरी बाजारातून बैल घेऊन आला. एकच बैल होता, कोवळा, पांढरा, डोळे सगळीकडे फिरवत होता. म्हाताऱ्यानं बैलाला पत्र्याच्या बैलाच्या डाव्या पायाला बांधलं, मीठ ठेवलं, पाणी ओतलं, चाटवलं, आणि निंबाखाली चहाला येऊन बसला. बैलाला बांधूनच ठेवलं. माझ्या हातात ट्यूब होती, पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होतो.

वारं एकदम आलं. आधी रस्त्यावरचा पाचोळा उठला, मग धूळ, मग काहीच दिसेना. पत्रे वाजायला लागले, आणि त्यांच्या आवाजात एक नवीन आवाज होता. कण्हल्यासारखा. खालून येत होता. कोवळा बैल बुजला. मागं सरत दावं ओढायला लागला. दावं डाव्या पायाला. त्याच्या प्रत्येक हिसक्याला वरची शिंगं हलताना मी बघितली.

म्हातारा शेतकरी उठला आणि पुन्हा बसला, त्याचे गुडघे धरले होते. मी उभा राहिलो. ट्यूब हातात. मी ओरडलो की काय मला आठवत नाही. मला दिसली ती माझी बायको. निंबाखालून निघाली आणि बैलाकडे चालत गेली. पळत नाही, चालत. पदर डोक्यावरून उडू नये म्हणून दातात धरला होता.

आणि मी गेलो नाही. दोन वर्षं मी रोज मनात तिला त्या पायाखालून ओढून काढत होतो. कसा पळेन, कुठं पाय टाकेन, कोणता दंड धरेन, सगळं ठरलेलं होतं. आणि ती खरंच तिथं गेली तेव्हा माझे पाय हलले नाहीत. मधे फक्त रस्ता होता. एवढाच रस्ता.

गाठ आवळून बसली होती. ती सुटेना. तिनं गाठीचा नाद सोडला, बैलाच्या गळ्यात हात घातला आणि दावंच त्याच्या डोक्यावरून काढलं. तो सुटला तसा तिला धक्का देऊन गेला, ती मागं पडली, पत्र्याच्या बैलाच्या पोटाखाली. मग पत्र्याचा बैल खाली आला.

तो धाडकन पडला नाही. डावा पाय आधी मोडला, गुडघ्यात मोडावा तसा. मग उजवा. पुढचं धड खाली, मागचं वर, आपला बैल बसताना बसतो तसा. डोकं रस्त्याच्या कडेला टेकलं. आणि मग धूळच धूळ.

तेव्हा मी पळालो. काय उपयोग.

पत्रे उचलता येत नव्हते. ट्रकवाले उतरले, ते ओढायला लागले. मी हाक मारत होतो. तिला मी कधी नावानं हाक मारली नव्हती, त्या दिवशी मारली, सगळ्यांच्या देखत. पोटाच्या जागेवर एक फट होती. मागचे पाय उभे होते आणि माझी ती बल्ली तिरपी अडकली होती. बल्लीनं धरलं की मागच्या पायांनी, मला सांगता येणार नाही. त्या फटीत ती बसली होती. मांडी घालून. केस, पापण्या सगळं पांढरं, कोपराला रक्त, पदर अजून दातात.

मी तिला बाहेर ओढलं. तोपर्यंत गावातून दोघं-तिघं आले होते, त्यांतला एक तोच, भंगारवाला शब्द बोललेला. त्याच्याकडे बघून ती म्हणाली,

"पडना नही. बसना तो."

त्यानं मान खाली घातली.

म्हाताऱ्या शेतकऱ्याचा बैल एरंडोलच्या रस्त्याला लागला होता, तो धरून आणला. म्हातारा तिच्या पाया पडायला लागला. ती म्हणाली, मीठ घरी चाटवा आता.

घरी मी तिला मोरीचं सांगितलं. कोपराला हळद लावताना. पाणी मी कोंडलं, पाय मी सडवला, आणि आज मी रस्ता ओलांडला नाही. तिन्ही गोष्टी एकदम बोललो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पहिला तांब्या तर मीच ओतायचे." एवढंच. रस्त्याबद्दल काही बोलली नाही. तेव्हाही नाही, पुढं कधीच नाही.

बैल सरकारी माणसांनी कापून बाजूला केला. लोकांनी पत्रे वाटून नेले. कोणी गोठ्यावर टाकले, कोणी खुराड्यावर. नानांच्या गोठ्यावर बैलाचा डोळा आहे. पावसात गळत नाही म्हणतात.

मला वाटलं, आता माझी भीती संपली. मी त्या पावसाळ्यात पोटभर जेवलो.

मग ती दिवाळीला चोपड्याला गेली, लेकीकडे. भाऊबीज झाली की दुपारच्या गाडीनं येते असा निरोप होता. मी फाट्यावर उभा. एसटी आली, कंडक्टर ओरडला, गाडी थांबली. दोन माणसं उतरली. ती नाही. गाडी सुटली आणि मला खिडकीत ती दिसली. गजाला हात धरून बाहेर बघत होती. माझ्या डोक्यावरून बघत होती, वर, आभाळात, जिथं शिंगं असायची. मी हात केला. तिनं बघितलं नाही. गाडी गेली.

त्या दिवशी मला जी भीती वाटली ती बैलाच्या वेळची नव्हती. बायको काही मेली नव्हती, कुठं दबली नव्हती. नुसती पुढं गेली होती. एरंडोलच्या स्टँडावर ती कोणाला विचारेल, काय विचारेल, तिला आमच्या गावाचं नाव तरी घेता येईल का, गाव सांगताना ती बैलच सांगायची. आणि बैल तर नानांच्या गोठ्यावर. मी सायकल काढली. चेन दोनदा पडली. अर्ध्या वाटेत ती मला दिसली, चालत येत होती, पिशवी डोक्यावर, चपला हातात. माझ्याकडे बघून रागावली. म्हणाली, कंडक्टर ओरडला ते मी ऐकलं. पण मला वाटलं तो चुकला. बैल दिसला नाही तर मी उतरू कशी?

सायकलवर मागं बसवून आणली.

त्यानंतर ती कुठंही जाऊन येणार असली की मी ओट्यावर उभा राहायचो. ओटा तसाच होता, बिनमोरीचा. डोक्याला लाल पटका बांधायचो, तिनं सांगितलं होतं म्हणून. लांबून दिसतो म्हणे. लोक म्हणायचे, आबा, बैल झालात का? म्हणोत. गाडी थांबायची, ती पिशवी उचलायची, उतरायची, आणि आधी मला बघून घ्यायची. मगच पाय खाली ठेवायची. गाडी यायला उशीर झाला की मला पत्रा कुरकुरलेला ऐकू यायचा. ती पुढं निघून जाईल, ही भीती इतकी वर्षं गेली नाही.

पौषात तिला जळगावच्या दवाखान्यातून आणली तेव्हा ती गाडीत आडवी होती, शुद्ध नव्हती. फाटा आला. मी तिच्या शेजारी बसलो होतो. ओट्यावर कोणी नव्हतं. मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा थांबव. तो म्हणाला, आबा, आता कशाला. मी उतरलो, ओट्यावर चढलो, पटका बांधला आणि उभा राहिलो. गाडीचं दार उघडं होतं. वारं होतं. मग परत येऊन बसलो आणि म्हटलं, चल.